बांधावरचा शब्द

पोलीस आला तेव्हा गुऱ्हाळाच्या काहीलीत रस चढला होता आन् हंबीऱ्या वरची मळी काढत होता. हंबीऱ्या म्हंजे हंबीरराव, माझा धाकटा भाऊ. आमच्या शिवारात त्याच्यासारखा गुळव्या न्हाय. रसाच्या नुसत्या बुडबुड्यावर सांगतो, आता उतरवा. मी थोरली बहीण, सगळं गाव मला आक्का म्हणतं. नवरा गेल्यापासनं माहेरीच असते, दोघा भावांच्या मधल्या घरात. त्यामुळं ह्या घरातलं भांडण त्या घरात जायचं तर माझ्याच अंगणातनं जातंय.

तरणा पोरगा होता पोलीस. गाडी चिपाडाच्या ढिगाजवळ लावली आन् घाम पुसत आत आला.

"हंबीरराव कोण?"

"मी. या पावणं, बसा. रस घ्या गार."

"रस नको. वॉरंट हाय तुमच्यावर. पकड वॉरंट. तारखांना गेलाच न्हाईसा तुम्ही."

हंबीऱ्याच्या हातातला झारा थांबला न्हाय. "कसल्या तारखा? ते मिटलंय की."

"कुठं मिटलंय?"

"जोतिबावर."

पोलिसाला हसू आलं. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, खरं सांगते. पण अंगावर सरकारी कापडं, गप बसले.

हंबीऱ्या म्हणाला, "येतो की. पळून कुठं जातोय? पण ही काहील उतरवल्याबिगर येता येत न्हाय. करपला गूळ तर ऊस लोकांचा हाय, माझा न्हाय."

पोरगं बाजूला जाऊन फोनवर कुणाशी तरी बोललं, मग परत येऊन एका पालथ्या बादलीवर बसलं. चुलवाणात चिपाड पडत होतं, जाळ घुमत होता. आमच्या गुऱ्हाळावर एरवी कोण गप बसत न्हाय, पण त्या दिवशी सगळी माणसं मुकी झाल्यागत काम करत होती. काहील उतरली. गूळ गार व्हायला वाफ्यात ओतला. गरम वासानं सगळा मांडव भरला आन् त्या पोलिसानंसुद्धा मान वर करून बघितलं. हंबीऱ्यानं हातपाय धुतले, खुंटीवरचा सदरा घातला, बटणं लावली. बेडी न्हाय घातली पोरानं, पण मनगट धरलं. पन्नाशीचा माझा भाऊ, त्याला जनावर बाजाराला न्यावं तसं धरून गाडीत बसवलं.

तेवढ्यात माझा दुसरा भाऊ बाळासो शेतातनं पळत आला. हा हंबीऱ्यापेक्षा थोरला. पायात चप्पल न्हाय, डोक्यावरचा टॉवेल सुटलेला.

"ए, कुणी सांगितलं ह्याला न्या म्हणून? मी न्हाय सांगितलं. माझी काय तक्रार न्हाय."

"तुम्ही कोण?" पोलीस म्हणाला.

"ज्याचा हात मोडला त्यो मी!"

पोलीस त्याच्याकडं बघतच राहिला. मग गाडी सुरू करून गेला.

आता हात कसा मोडला ते सांगते. मागल्या उन्हाळ्याच्या आधीच्या उन्हाळ्यात आमच्या पाणीपुरवठ्याची मोटर जळाली. पाण्याची पाळी लांबली, लावणीचा ऊस पिवळा पडाय लागला. अशात बाळासोची पाळी आली. दिवस उगवायला हा शेतात गेला तर पाट फुटलेला, आन् पाणी बांध ओलांडून हंबीऱ्याच्या सरीत. हंबीऱ्या म्हणतोय, मी फोडला न्हाय, उंदरानं भोक पाडलंय. बाळासो म्हणतोय, उंदराला बरा तुझाच ऊस दिसला. शब्दाला शब्द लागला आन् हंबीऱ्यानं हातातलं खोरं घातलं. बाळासोनं डोकं वाचवायला हात वर केला, म्हणून हातावर निभावलं. ओरडा ऐकून मी गेले तर थोरला चिखलात बसलेला, कोपराच्या खाली हात भलतीकडंच वळलेला. धाकटा खोरं धरून उभा. त्याचं तोंड असं झालेलं की बघणाऱ्याला वाटावं, मार ह्यालाच बसलाय.

"का मारलंस रं, मुडद्या?" मी विचारलं.

बोलला न्हाय. त्या दिवशीबी न्हाय, पुढंबी न्हाय.

बाळासोची बायको धोंडुबाई तरातरा ठाण्यात गेली आन् फिर्याद देऊन आली. तिचं तरी काय चुकलं? नवऱ्याचा हात लोंबकळताना बघितल्यावर कोण देव आठवत बसतंय? हंबीऱ्याला धरून नेलं, मग जामिनावर सोडलं. खोरं पोलिसांनी जप्त केलं. जबाब झाले, चार्जशीट गेलं. दोन घरांत बोलणं बंद, वाटा बंद. माझ्या अंगणातनंसुद्धा एक जण जायचा तेव्हा दुसरा दार ओढून घ्यायचा.

मग बाळासोनंच धोशा लावला, आक्का, हे मिटवू या. जोतिबावर जाऊ. आमच्या गावची रीत हाय ती. भावाभावांतलं भांडण मिटवायचं तर डोंगरावर जायचं, देवापुढचा गुलाल एकमेकांच्या कपाळाला लावायचा आन् म्हणायचं, ह्या भांडणाचा शब्द पुन्हा तोंडात घेणार न्हाय. एकदा असं म्हटलं की मग ते घरात, गावात, कुणापुढंच बोलायचं न्हाय. कुणी विषय काढला तर उठून जायचं. दोघं गेले, मी संगं होते. बाळासोनं मोडून जोडलेल्या हातानं गुलाल लावला आन् हंबीऱ्यानं खाली मान घालून लावून घेतला. उतरताना दोघांनी एकाच गाड्यावर भजी खाल्ली. मला वाटलं, सुटलो बाबा.

आन् हितंच आम्ही सगळी माती खाल्ली. भांडण मिटलं म्हंजे केस मिटली, असं आख्खं गाव धरून चाललं. हंबीऱ्याला तारखेचा निरोप आला की म्हणायचा, जायला भांडण उरलंय कुठं? वकिलाला जाऊन सांगावं, तर त्या भांडणाचा शब्द काढायचा न्हाय! कोर्टाला कुणी कळवलंच न्हाय की आम्ही डोंगरावर जाऊन आलोय.

हंबीऱ्याला कोर्टापुढं उभा केलं. जज्ज साहेब चिडलेले. जामीन रद्द झाला, साक्षी लौकर घेऊ म्हणाले, तोवर आत ठेवला.

मग मी, हंबीऱ्याची बायको चिमणाबाई आन् बाळासो, तिघं शहरात राजारामपुरीत गेलो. शेजारच्या गावच्या कांबळ्यांची लेक श्रुती तिथं वकिली करती; हंबीऱ्याला आत ठेवल्यावर केस तिलाच दिलेली. खाली क्लास, वर तिचं ऑफिस. जिन्यात पोरांच्या चपलांचा हा ढीग.

चिमणाबाईचं सांगायचं राहिलं. तिला एकच पोरगा होता. दोन वर्षांमागं अंधारात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर त्याची मोटरसायकल धडकली. बावीस वर्षांचं पोर. तेव्हापासनं ती जेवती, धारा काढती, भांगलणीला जाती, पण असल्यागत न्हाय. तिच्यापुढं त्या पोराचं नाव कुणीच घेत न्हाय. सुरुवातीला घेतलं की तिला घेरी यायची, मग गावानं घ्यायचंच सोडलं.

श्रुतीनं बाळासोकडं बघितलं. "काका, तुम्ही सरकारी साक्षीदार. मी आरोपीची वकील. तुम्ही खरं तर इथं यायलाच नको होतं."

"मी काय बोलत न्हाय. बसतो नुसता."

"काय बोलायचं ते मी तुम्हाला सांगणार नाही. ते मला चालत नाही."

"बरं बाई."

मी म्हटलं, "बाळ, आम्हाला वेड्याला सांगितल्यागत सांग. ज्याचा हात मोडला त्यो म्हणतोय माझी तक्रार न्हाय. फिर्याद दिली ती धोंडुबाई म्हणती मला नको. मग केस चालवतंय कोण?"

"सरकार."

"सरकारचा हात मोडलाय का?"

ती हसली, पण चेष्टेनं न्हाय. "आक्का, दिवाणी दावा दोन माणसांतला असतो. बांध कुणाचा, पाणी कुणाचं, तो तुम्ही मागं घेऊ शकता. हा फौजदारी गुन्हा आहे. आज भावाला मारलं, उद्या आणखी कुणाला मारेल, म्हणून मार खाणाऱ्याच्या बाजूनं सरकार उभं राहतं. मार खाणाऱ्यानं घाबरून माघार घेतली तरी सरकार घेत नाही."

"आमच्यात कोण घाबरलंय?"

"ते कोर्टाला कसं कळणार?"



मग तिनं एकेक शब्द फोडून सांगितला. काही गुन्हे तडजोडपात्र असतात. म्हंजे जखमी माणसानं कोर्टात येऊन सांगितलं की आमचं मिटलं, तर केस संपवता येती. काही तडजोडपात्र नसतात. हाड मोडलं की ती जबर दुखापत. खोऱ्यासारख्या हत्यारानं केलेली जबर दुखापत तर तडजोडीला बसतच न्हाय. शाबीत झाली तर शिक्षा, निदान वर्षभराची, जास्तीला तर जन्मठेपसुद्धा.

"गावात म्हणत्यात," चिमणाबाई हळूच म्हणाली, "भावजींनी सांगायचं, मी बांधावरनं पडलो."

"त्याला फितूर साक्षीदार म्हणतात. पण घटनास्थळाचा पंचनामा आहे, खोरं आहे, डॉक्टर आहेत, थोरल्या काकूंची फिर्याद आहे. काका फितूर झाले म्हणून केस पडेलच असं नाही. आणि शपथेवर खोटं बोलले तर तो त्यांचा वेगळा गुन्हा."

"खोटं बोलणार न्हाय मी," बाळासो म्हणाला. तेवढंच बोलला आन् परत भिंतीकडं बघाय लागला.

"मग खरं बोल की!" मी वैतागले.

"खरंबी बोलता येत न्हाय. शपथ हाय."

कसला भाऊ दिलायस देवा, असं झालं मला. एक आत जाऊन बसलाय आन् दुसरा हितं तोंडाला कुलूप लावून बसलाय.

श्रुती चिमणाबाईकडं वळली. "मावशी, मला एक सांगा. मारण्याआधी नेमकं काय घडलं? कायद्यात एक शब्द आहे, चिथावणी. गंभीर आणि अचानक चिथावणी. म्हणजे समोरच्यानं असं काही केलं किंवा बोललं, की कुठल्याही साध्या माणसाचं भान सुटावं, आणि त्याच भरात त्यानं मारलं. तसं असेल तर गुन्हा राहतो, पण त्याचं कलम बदलतं. शिक्षा कमी होते. आणि तो तडजोडीला बसतो."

"शिव्या दिल्या असतील की," मी म्हटलं. "बांधावर काय अभंग म्हणत्यात व्हय?"

"शिव्यांनी भागत नाही, आक्का. शिव्या सगळेच देतात. तसं काही होतं का, मावशी? नवऱ्यानं कधी सांगितलं?"

"न्हाय बाई. मी किती येळा विचारलं. भिंतीकडं तोंड करून झोपायचे."

"मी जेलमध्येही विचारून आले. ते म्हणतात, पाण्यावरनं मारलं. दुसरं काही नाही."

बाळासो उठला आन् पाणी पितो म्हणून खाली गेला. बराच येळ आला न्हाय. आम्ही उतरलो तर फुटपाथवर चपलांच्या दुकानापुढं उभा, आन् हातात पाण्याचा गलास तसाच भरलेला.

साक्षीचा दिवस आला. कोर्टात आमच्यासारखी माणसं भिंतीला चिकटून उभी असत्यात, तशी आम्ही उभी. धोंडुबाई, चिमणाबाई, मी. हंबीऱ्याला आणलं. दाढी वाढलेली, सदरा तोच, गुऱ्हाळावरनं नेला तेव्हाचा. आमच्याकडं बघून त्यानं चिमणाबाईला नुसत्या नजरेनं विचारलं, जेवलीस का? तिनं मान हलवली.

बाळासोचं नाव पुकारलं. तो पिंजऱ्यात चढला. देवाशपथ खरं सांगेन, असं त्याच्याकडनं म्हणवून घेतलं. मी त्याच्या कपाळाकडं बघत होते. घामानं चमकत होतं.

सरकारी वकिलानं विचारलं, त्यानं सांगितलं. तारीख, येळ, पाट फुटलेला, पाणी गेलेलं, खोरं, हात. जबाबात होतं तेवढंच. ज्याचा शब्द काढणार न्हाय म्हणाला होता त्याचा शब्द निघाला. हंबीऱ्या पलीकडं मान खाली घालून उभा होता.

मग श्रुती उठली.

"खोरं मारण्याआधी तुम्ही आरोपीला काय बोललात?"

बाळासोनं हंबीऱ्याकडं बघितलं.

"काका, मी परत विचारते."

गप.

साहेब म्हणाले, "साक्षीदार, उत्तर द्या."

"साहेब, ते बोलायचं न्हाय म्हणून शपथ हाय माझी. जोतिबापुढची."

"आत्ता इथं कसली शपथ घेतलीत?"

"व्हय. दोन्ही मीच घेतल्यात." त्यानं मोडका हात चांगल्या हातात धरला. "ती शपथसुद्धा मीच काढली साहेब. त्याला नको होती. मी म्हटलं, पुन्हा कुणी बोलायचं न्हाय. का, तर मी जे बोललो ते कुणाला कळायला नको. भावानं तोंड मिटलं ते माझ्यासाठी. आज आत बसलाय तोबी माझ्यासाठीच."

"काय बोललात ते सांगा."

"मी म्हटलं," बाळासोनं सुरुवात केली. चिमणाबाईकडं न बघता परत म्हणाला, "मी म्हटलं, कुणासाठी वाढवतोस रं ऊस? तुझ्या घरात खायला कोण उरलंय? तुझं तर ट्रॉलीखाली गेलं."

माझ्या शेजारी चिमणाबाई उभी होती. तिनं भिंतीला टेकवलेला हात काढला न्हाय. धोंडुबाईनं मात्र तोंडाला पदर लावला. नवरा काय बोलला ते तिलाबी आजच कळत होतं.

"खोटं हाय!" हंबीऱ्या वरडला. "साहेब, खोटं बोलतोय त्यो! तसलं काय बोलला न्हाय. मी पाण्यासाठी मारला. उगंच मारला. लिवा तुम्ही."

"आरोपीनं मध्ये बोलायचं नाही."

"बोलला न्हाय तो साहेब! माझी बायको हाय हितं, तिच्यापुढं काय बोलवताय त्याच्याकडनं?"

पोलिसानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून दाबला. श्रुतीनं एकदा आपल्या पक्षकाराकडं बघितलं. त्याला सोडवायचं तेवढं एकच दार होतं आन् हा आतनं कडी लावत होता. मला रडू आलं आन् रागबी आला. हाच पोरगा लहानपणी थोरल्यानं फोडलेल्या मडक्याचा मार खायचा.

साहेबांनी चष्मा काढला, परत घातला. बाळासोला म्हणाले, "आरोपी म्हणतो तुम्ही असं बोललाच नाही. विचार करून सांगा."

"बोललो साहेब. शब्दान् शब्द. तो मला वाचवतोय."

"हे पोलिसांना का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली."

ते साहेबांनी लिहून घ्यायला सांगितलं. मग विचारलं, "मुलाचं नाव काय?"

"राजवीर," बाळासो म्हणाला. "राजवीर हंबीरराव. आमच्या दोन घरांत मिळून एकच पोरगा होता साहेब. मला लेकीच. त्याच्या पायातले पयले चांदीचे वाळे मी केलते."

पुढं श्रुती बोलली, सरकारी वकील बोलले, डॉक्टरांचा कागद वाचला. ते सगळं माझ्या कानावरनं गेलं. एवढं कळलं की हंबीऱ्याला जामिनावर परत सोडलं, इथनं पुढं एकबी तारीख चुकवायची न्हाय असं बजावून.

बाहेर व्हरांड्यात श्रुतीनं समजावलं. आता ती अर्ज देणार. कलम बदलायची आशा चांगली हाय. बदललं की बाळासोनं जखमी म्हणून सही करायची, तडजोड झाली म्हणून, आन् केस संपली.

"दादा," हंबीऱ्या म्हणाला, "का बोललास रं? वर्षभर मी काढलं असतं आत."

"मला बाहेर वर्ष निघालं नसतं," बाळासो म्हणाला. त्याला मान वर करता येईना.

मी श्रुतीला बाजूला घेतलं. चिमणाबाई पायरीवर एकटी बसली होती.

"बाळ, ह्याचा हात मोडला म्हणून ह्यो जखमी. त्यानं मारलं म्हणून तो आरोपी. धोंडुबाई फिर्यादी. आन् जिच्या पोरावरनं बोलला, तिला काय म्हणत्यात तुमच्या कायद्यात?"

श्रुतीनं पायरीकडं बघितलं. "तिला काही म्हणत नाहीत, आक्का."

"मग तिची तडजोड?"

"ती कोर्टात होत नाही."

आम्ही गाडी सांगितली होती, ती फाटकापाशी येऊन थांबली. कुणी बसंना. धोंडुबाई चिमणाबाईजवळ जाऊन उभी राहिली, पण बोलायचं धाडस होईना. शेवटी चिमणाबाईच उठली. पदर झटकला. चालत बाळासोपुढं गेली. ती काय करणार कळंना, म्हणून हंबीऱ्या एक पाऊल पुढं झाला.

"वाईट बोललासा भावजी," ती म्हणाली.

"व्हय."

"लई वाईट बोललासा."

"व्हय, चिमणा. तू मला आता काय म्हणशील ते."

ती त्याच्याकडं बघत राहिली. घेरी येईल म्हणून मी तिच्या मागं जाऊन उभी राहिले, हात पुढं धरून. ती हलली न्हाय.

"मघाशी नाव घेतलंसा त्याचं," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली, माझ्यापुढं कुणी घेतलं न्हाय. ह्यांनीसुद्धा न्हाय. परत घ्या."

बाळासोनं टॉवेलानं तोंड पुसलं.

"घ्या की. वाळ्यांचं सांगत होतासा."

"राजवीर," बाळासो म्हणाला. आन् मग तिथंच, वकिलांच्या येण्याजाण्यात, रडत रडत सांगाय लागला, वाळे कुठनं केलते, पोरगं ते घालून कसं दुडूदुडू पळायचं आन् वाळ्यांचा आवाज बंद झाला की घरातली सगळी बायामाणसं त्याला शोधायला कशी धावायची. हंबीऱ्या तोंड फिरवून उभा होता. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला. चिमणाबाई ऐकत होती, आन् ती ऐकतीय तोवर आमच्यातलं कुणी हललं न्हाय.